‘सर्व ठीक’ असं लिहायचं नाही

नागपूरच्या इतवारीत आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. बारीक स्क्रू, पट्टे, तेलाचा थेंब कुठे सोडायचा आणि कुठे अजिबात सोडायचा नाही, यात माझं लहानपण गेलं. स्क्रू किती आवळला गेला ते बोटांना कळतं, पाना हातात असला की डोळे मिटले तरी चालतात, असं मी मानायचो. रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, उडणारं हेलिकॉप्टर जोडायला घेतलं तेव्हा म्हणूनच मला त्याची भीती वाटली नाही. वाटायला हवी होती.

ते किट मला प्रतापनगरच्या काकांनी दिलं. काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र. आयुष्यभर वायुदलात विमानांची देखभाल केली, शेवटची वर्षं इथेच वायुसेनानगरला, मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात काढली. निवृत्तीनंतर स्वतः उडवायचं म्हणून ४५० आकाराचं इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर घेतलं होतं, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक काम होईना. डबा तसाच कपाटात होता. "तू जोड, मी बसतो बाजूले," म्हणाले. एकच अट घातली. दोनशे पानी वही आणायची, आणि जे करू ते त्याच दिवशी लिहायचं.

४५० म्हणजे काय ते सांगतो, कारण फोटोत ते खेळण्यासारखं दिसतं. मुख्य पाती ३२५ मिलिमीटरची, दोन. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, ब्रशलेस मोटर, सगळं मिळून वजन किलोच्या आत. पण मुख्य रोटर मिनिटाला २६०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४३. हिशेब केला तर पात्याचं टोक ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास धावत असतं. हा आकडा काकांनी वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच हाताने लिहून घेतला. खाली दुसरी ओळ होती: २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून जागीच गेला. ते यंत्र माझ्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं, आणि तो मुलगा नवशिकाही नव्हता. काकांना ते मला दर वेळी आठवायला हवं होतं.

जोडणीला सहा आठवडे लागले, कारण आम्ही फक्त रविवारी बसायचो. सगळ्यात जास्त वेळ गेला रोटर हेडमध्ये, म्हणजे मुख्य पाती जिथे जोडतात त्या मधल्या भागात. पातं ज्यात बसतं त्या ग्रिपमध्ये थ्रस्ट बेअरिंग असतं: दोन चकत्या आणि मध्ये गोळ्यांचं जाळं. दोन्ही चकत्या सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात एकीचं भोक केसभर मोठं असतं. मोठ्या भोकाची चकती आत, हेडच्या मध्याकडे, आणि लहान भोकाची बाहेर, स्क्रूकडे. उलटी बसली तर पातं बाहेर ओढलं जाताना बेअरिंग फिरतच नाही, घासतं. मी दोन्ही चकत्या ग्रिपच्या आतल्या दांडीवर, म्हणजे स्पिंडलवर, ओवून पाहिल्या. एक घट्ट बसली, दुसरी किंचित हलली. ते हलणं डोळ्यांना दिसलं नव्हतं, बोटांना लागलं. अशा ठिकाणी बोटं खरंच कामाची असतात. मध्ये ग्रीस भरलं, जाळं बसवलं, ग्रिप फिरवून पाहिली. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली.

गिअरचंही तसंच. मोटरचा छोटा पिनियन मोठ्या प्लास्टिकच्या गिअरला किती चिकटवायचा? फार जवळ गेला तर मोटर तापते, दूर राहिला तर दाते झिजतात, आणि एखाद दिवशी जोर आल्यावर सोलून निघतात. आम्ही वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही दात्यांच्या मध्ये घातली, मोटर दाबून धरली, बोल्ट आवळले आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर स्पष्ट नागमोडी घडी पडली पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. मग हेच चार जागी करून पाहिलं, कारण प्लास्टिकचा गिअर अगदी गोल कधीच नसतो. त्यातली एक पट्टी अजून वहीत चिकटवलेली आहे.

शेपटीचा रोटर पट्ट्यावर चालतो. शिलाई मशीनचा पट्टा मी डोळे मिटून बसवतो, पण इथे तो नळीत शिरताना नव्वद अंशांत वळतो, आणि वळण चुकीच्या बाजूने पडलं तर शेपटीचा रोटर उलटा फिरतो. पुस्तिकेतला बाण पाहून वळवला, मुख्य रोटर हाताने फिरवून शेपटीची दिशा दोनदा तपासली.

धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉकर लावायचं, म्हणजे कंपनांनी स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक. आधी स्क्रू आणि भोक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, कारण कंपनीचं तेल तसंच राहिलं तर ते धरत नाही. प्लास्टिकवर मात्र थेंबही पडू द्यायचा नाही, त्याने प्लास्टिकला चिरा जातात. आणि स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून बाजूच्या भागापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढायची. विमानांच्या बोल्टवर हीच पद्धत असते. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि ते लांबून दिसतं. आम्ही त्यासाठी बायकोची नेलपॉलिश वापरली, तीच तिने शेवटी दुकानाला देऊन टाकली.

वीज जोडायच्या दिवशी काकांनी मोटरच्या तिन्ही वायरी स्पीड कंट्रोलरपासून सोडवून ठेवायला लावल्या. पाती तर बसवलीच नव्हती. सर्व्हो म्हणजे पात्यांचे कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरी, स्वॉशप्लेट म्हणजे ती हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी झुकणारी चकती, जायरो म्हणजे यंत्र वळलं की ते ओळखून सावरणारा सेन्सर, सगळं मोटर मुकी ठेवून जुळवायचं. कितीतरी लोकांची बोटं टेबलावरच जातात, कारण रेडिओत थ्रॉटलची, म्हणजे मोटरच्या वेगाची, दिशा उलटी असते आणि बॅटरी लावताच मोटर पळते. क्रम पाठ करून घेतला: आधी रेडिओ चालू, मग हेलिकॉप्टरची बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग रेडिओ. आणि थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर बंद ठेवणारं, बटण प्रत्येक वेळी आधी दाबलेलं. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप थांबेल असं फेलसेफ लावलं आणि रेडिओ मुद्दाम बंद करून ते खरंच चालतं का पाहिलं.

मग मोटर तशीच सोडवलेली ठेवून पाती बसवली आणि पिच गेजने त्यांचे कोन मोजले. रेडिओची स्टिक मध्यावर असताना शून्य अंश, वर पूर्ण नेल्यावर १०, आणि खाली मी नवशिका म्हणून फक्त उणे ३. जायरो तपासायची पद्धत सोपी आहे पण चुकवायची नाही: शेपूट हाताने एका बाजूला ढकलली की शेपटीच्या सर्व्होने तिला परत आणणाऱ्या बाजूला हललं पाहिजे. ते उलटं असेल तर यंत्र जमिनीवरून उठताक्षणी भोवऱ्यासारखं फिरतं आणि तुम्ही काहीच करू शकत नाही. स्वॉशप्लेटचंही तसंच, नाक खाली झुकवलं की तिने मागे झुकायचं.

या सगळ्या काळात रोज रात्री अर्धा तास कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. तिथे मी शेकडो हेलिकॉप्टरं पाडली. त्याबद्दल एवढंच की ते टाळू नका.

उडवायचं कुठे हा प्रश्न नागपुरात सोपा नाही. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाभोवतीच्या १२ किलोमीटरपर्यंत उंचीची बंधनं आहेत, आणि जवळच्या ८ किलोमीटरच्या पट्ट्यात तर जमिनीपासूनच परवानगी लागते. इतवारीच्या गच्चीवरून किंवा एखाद्या कॉलनीच्या मैदानावर उडवणं म्हणूनच बाद. माझं यंत्र २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो गटात बसतं, हौसेसाठी त्याला पायलटचा परवाना लागत नाही. पण नकाशाचं बंधन सगळ्यांना आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून हिरवा भाग शोधला. मावसभावाचं वावर कळमेश्वरच्या पलीकडे आहे, तिथे सोयाबीन निघून जमीन रिकामी झाली होती. विजेच्या तारा नाहीत, वस्ती नाही, एका धुऱ्यावर बाभूळ आणि दुसऱ्या बाजूला तूर उभी.

पहिलं उड्डाण नोव्हेंबरातल्या एका सकाळी, सातच्या आत, वारा उठायच्या आधी. स्किडखाली, म्हणजे यंत्राच्या पायांखाली, आडव्या काड्या बांधल्या होत्या, टोकांना पिंगपाँगचे चेंडू, म्हणजे यंत्र कलंडत नाही. मी शेपटीच्या मागे दहा मीटरवर उभा. बघायला आलेली भावाची पोरं काकांनी तीस मीटर मागे, ट्रॅक्टरच्या पलीकडे उभी केली. पोरं कुरकुरली. काका हलले नाहीत.

होल्ड काढला, रोटर हळूहळू वेगात आला. आधी पाती वेगवेगळी दिसतात, मग त्यांची चकती होते. त्या चकतीची एक कड दोन दिसत होती. एका पात्याच्या टोकाला लाल टेप होती, दुसऱ्याला निळी. लाल वरून जात होती. उतरवलं, बॅटरी काढली, लाल पात्याचा कोन ठरवणारी बारीक दांडी, म्हणजे लिंक, एक फेरा फिरवली. पुन्हा लावलं तेव्हा दोन्ही एकाच रेषेत आली. मग जमिनीपासून वीतभर उठलं. खाली धूळ बसेना आणि यंत्र स्थिर राहीना, कारण जमिनीजवळ रोटर स्वतःच ढकललेल्या हवेवर डळमळतो. जरा वर, कमरेएवढं नेलं तेव्हा ते शांत झालं. माझे हात नाही झाले. चार सेकंद, पाच, मग खाली. पण ते उभं होतं हवेत, मी जोडलेलं, आणि काका मागून म्हणत होते, "घाई नको करू बाबू, श्वास घे."

बॅटरीला साडेचार मिनिटांचा टायमर लावला होता. २२०० पैकी ८० टक्क्यांपेक्षा जास्त कधीच वापरायचं नाही. चार्जिंग २.२ अँपिअरवर, वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून, आणि खोलीत कोणीतरी जागं असलं तरच. आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचा. भरलेली बॅटरी मे महिन्यात बंद गाडीत ठेवणं म्हणजे काय, ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. फुगलेली बॅटरी मी दुसऱ्यांदा लावत नाही, कितीही महाग असली तरी.

तेरा उड्डाणं नीट झाली. चौदाव्याच्या आदल्या रात्री मी रोटर हेड पुसायला घेतलं. काळ्या मातीची धूळ सगळीकडे जाते, बॉल लिंकमध्ये तर विशेष. डाव्या ग्रिपच्या हातावर स्क्रूने बसणारा, लिंक ज्यावर अडकते तो धातूचा बॉल नीट पुसता यावा म्हणून काढला, साफ केला, परत बसवला. दुकान बंद करायची वेळ झाली होती, थ्रेडलॉकरची बाटली घरी होती. मी पाना फिरवला, बोटांना तो पक्का लागला, आणि मी वहीत लिहिलं: "हेड साफ केलं. सर्व ठीक."

दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं झाली असतील. डोक्याएवढ्या उंचीवर उभं होतं, छान. अचानक आवाज बदलला, सुरात खर आली, आणि मी काही करायच्या आत ते डावीकडे असं झुकलं की जणू कुणी खालून दोरी ओढली. बोट होल्डवर गेलं. ते सिम्युलेटरने शिकवलेलं, विचाराने नाही झालं. यंत्र ढेकळांवर आपटलं. एका पात्याचा अर्धा तुकडा नंतर तुरीत सापडला, वीस पावलांवर. दुसरा तुकडा मिळालाच नाही.

पोरं ट्रॅक्टरच्या मागे होती. तेवढंच मी पाहिलं, बाकीचं नंतर पाहिलं.

काकांनी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. आधी बॅटरी काढली, ती मोकळ्या जागेत ढेकळांवर ठेवली आणि घड्याळ लावलं. मार लागलेली लिपो लगेच पेटते असं नाही, अर्ध्या तासानेही पेटू शकते. मग ते उरलेल्या हेडपाशी बसले. डाव्या ग्रिपला बॉल नव्हता. लिंक लोंबत होती, भोकातले आटे चकचकीत, निळ्या थ्रेडलॉकरचा मागमूस नाही. बॉल काढला तेव्हाच लाल रेघही पुसली गेली होती आणि मी ती पुन्हा ओढली नव्हती.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी वही मागितली.

"'सर्व ठीक'," त्यांनी वाचलं. "म्हणजे काय पाह्यलं तू?"

मी सांगू लागलो, पुसलं, बॉल काढला, बसवला.

"ते कुठं लिहिलंय इथं? 'सर्व ठीक' ही तपासणी नाही न बाबू. ते तुझं मत आहे. तू बॉल काढला असं लिहिलं असतं, तर पुढचा शब्द थ्रेडलॉकर आलाच असता हातून. नसता आला तर मी विचारला असता."

घरी येताना काटोल रोडवर मी गाडी चालवत होतो आणि माझ्या डोक्यात दुकान होतं. शिलाई मशीनचा स्क्रू सैल झाला तर टाका चुकतो, गिऱ्हाईक येऊन बोलतं, आपण आवळून देतो. माझ्या बोटांची सगळी खात्री त्या जगातली आहे. सेकंदाला ४३ फेरे घेणाऱ्या हेडवर बोटांना 'पक्कं' लागलेला स्क्रू दोन मिनिटं टिकला. बोटं खोटं बोलली नव्हती, स्क्रू तेव्हा घट्टच होता. तो घट्ट राहील की नाही, हे बोटांना कळू शकत नाही.

दुरुस्तीला डिसेंबर गेला. पडलेल्या हेलिकॉप्टरमध्ये नुसतं मोडलेलं बदलून भागत नाही. मुख्य शाफ्ट सरळ दिसला, पण दुकानातल्या काचेवर लोळवला तेव्हा त्याच्याखालून एकाच जागी प्रकाशाची बारीक फट उघडायची आणि मिटायची. बदलला. ग्रिपच्या आतला स्पिंडलही न पाहताच बदलला, तो वाकलाय हे कळेपर्यंत कंपनं सगळं खिळखिळं करतात. मोठ्या गिअरचे दाते एकेक करून भिंगाखाली पाहिले, दोन दात्यांच्या मुळाशी पांढरी रेघ होती, तोही गेला. नवी पाती तोलून पाहिली, हलक्या पात्याला टेपचा तुकडा लावला. पात्यांचे बोल्ट किती आवळायचे तर यंत्र आडवं धरल्यावर पाती स्वतःच्या वजनाने खाली पडू नयेत, पण झटका दिला की हलावीत.

एप्रिलमध्ये वेगळीच गोष्ट समोर आली. कोरड्या उन्हात शेपटीचा पट्टा नळीत घासून स्थिर वीज तयार करतो, आणि सर्व्होला मध्येच उचकी लागल्यासारखी झाली. नळीपासून फ्रेमपर्यंत एक वायर जोडली, पट्ट्याला सिलिकॉन स्प्रे मारला, उचकी थांबली. मे महिन्यात ४५ अंशांत हवाच इतकी विरळ होते की त्याच उंचीवर उभं राहायला स्टिक जास्त वर न्यावी लागते. मोटर तापते, बॅटरी लवकर संपते. तेव्हा टायमर साडेतीन मिनिटांवर आणला. ते सगळं वहीत आहे, तापमानासकट.

त्या दिवसानंतर वहीत 'सर्व ठीक' हे दोन शब्द कुठेच नाहीत. त्याऐवजी: डावी ग्रिप, बॉल २, रेघ सरळ. शेपटीचा पट्टा, बोटाने दाबून ४ मिलिमीटर. मुख्य शाफ्टचा आडवा बोल्ट, रेघ सरळ. प्रत्येक सकाळी बारा मिनिटं त्यात जातात आणि उड्डाण साडेचार मिनिटांचं. भावाला ते विचित्र वाटतं, मला वाटत नाही.

मागच्या रविवारी नाक माझ्याकडे करून पहिल्यांदा पूर्ण मिनिटभर उभं धरलं. त्या बाजूने डावं उजवं होतं, मेंदू भांडतो, आणि सिम्युलेटरवर त्यासाठी मला पाच महिने लागले. पण त्याआधीचं सांगायचं होतं. काकांना आता ती रेघ अजिबात दिसत नाही. मी टॉर्च धरतो आणि वाचतो, वही त्यांच्या मांडीवर असते, आणि ते जाड स्केचपेनने खुणा करतात.

"डावी ग्रिप, वरचा बॉल."

"रेघ?"

"सरळ."

"हात लावून पाह्यलं?"

"पाह्यलं."

"हां. पुढं."